कळसुबाईच्या पायथ्याचे गाव

घोटी हे नाव आपण मुंबई-नाशिक महामार्गावरील फलकावर अनेकदा वाचले असेल. कसारा घाट चढून इगतपुरी मागे पडली की थोड्याच वेळात हे गाव येते. भाताच्या गिरण्या, तांदळाची दुकाने, आठवडे बाजार आणि मध्य रेल्वेचे एक स्थानक एवढीच त्याची ओळख प्रवाशाला असते. नाशिककडे किंवा मुंबईकडे जाण्याच्या घाईत आपण घोटी ओलांडतो आणि विसरूनही जातो. वाचकहो, पुढच्या वेळी मात्र येथे महामार्ग सोडावा आणि मुंबईहून येताना उजव्या हाताला भंडारदऱ्याकडे जाणारा रस्ता धरावा.

पिंपळगाव मोरनंतर दोन्ही बाजूंना भातखाचरे दिसू लागतात. वाटेत सर्वतीर्थ टाकेदकडे जाणारा फाटा आहे. रावणाने घायाळ केलेल्या जटायूला श्रीरामांनी तेथे पाणी पाजले, अशी श्रद्धा आहे आणि महाशिवरात्रीला तेथे यात्रा भरते. पुढे सह्याद्रीची भिंतच समोर उभी राहते. घोटीपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर रस्ता एका खिंडीतून जातो. नाशिक जिल्हा संपून अहिल्यानगर जिल्ह्याचा अकोले तालुका सुरू होतो आणि डोंगराच्या कुशीतले बारी गाव दिसते. जुन्या मराठीत बारी म्हणजे खिंड. गावाचे नावच त्याचा पत्ता सांगते.

या गावावर कळसुबाईचे शिखर उभे आहे. १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट उंचीचे हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. त्यामुळे बारीला येणाऱ्यांत पाठीवर पिशव्या घेतलेले तरुणच अधिक असतात. पहाटे ते चढू लागतात, दुपारी उतरतात आणि निघून जातात. गाव त्यांच्या दृष्टीने गाडी उभी करण्याची जागा असते. साठी-सत्तरी ओलांडलेल्या वाचकांना एक डॉक्टर याच गावाची वाट का दाखवतो आहे, असा प्रश्न आपल्याला पडेल. शिखर न चढणाऱ्याला येथे जे पाहता येते, ते आपल्या वयाच्या माणसांनी आणि त्यांची काळजी घेणाऱ्या मुला-सुनांनी, लेकींनी, मदतनिसांनी बरोबर येऊन पाहावे असे आहे, हे त्याचे उत्तर.

डोंगराने जपलेला इतिहास

बारी आणि आसपासची गावे प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची. ठाकर समाजाच्या वाड्याही याच डोंगरांत विखुरलेल्या आहेत. या मुलखाला डांगाण म्हणतात आणि येथील गाई-बैलांची जात डांगी म्हणून ओळखली जाते. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या या जनावरांच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो. त्यामुळे इगतपुरी-अकोल्याच्या मुसळधार पावसातही ती चिखलात उभी राहून काम करू शकतात. राजूरला भरणारे डांगी जनावरांचे प्रदर्शन प्रसिद्ध आहे.

शाळेच्या पुस्तकात १८५७ चा उठाव आपण वाचला. त्याच्या आधीच या डोंगरांनी इंग्रजांशी झुंज दिली होती. अकोले तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे यांनी इंग्रजी सत्ता आणि तिच्या आश्रयाने आदिवासींच्या जमिनी गिळणारे सावकार या दोघांविरुद्ध बंड उभारले. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. येथील वृद्धांपुढे राघोजींचा विषय काढून पाहावा. जमीन, कर्ज आणि अब्रू यांविषयी ते असे बोलतात, की ही गोष्ट कालपरवा घडली असे वाटावे.

बारीहून थोडे पुढे गेले की भंडारदऱ्याचे धरण लागते. प्रवरा नदीवरील हे दगडी धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. खाली संगमनेर-श्रीरामपूरच्या पट्ट्यात ऊस उभा राहिला, तो याच पाण्यावर. ज्यांच्या डोंगरात हा पाऊस पडतो त्या वाड्यांतील बायाबापड्यांना मात्र एप्रिल-मे महिन्यांत हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. जलाशयाच्या काठावर उभे राहून त्याचे सौंदर्य अवश्य पाहावे, पण ही गोष्टही मनात असू द्यावी.

सणांचे म्हणाल तर दिवाळीच्या तोंडावर, आपण वसुबारस करतो त्याच दिवशी, येथे वाघबारस असते. गावाच्या शिवेवर वाघोबाचा दगड असतो. त्याला शेंदूर लावतात, नैवेद्य दाखवतात आणि गुराढोरांना, गुराख्यांना सांभाळ असे मागणे मागतात. ठाकरांचा कांबड नाच आणि मुखवटे घालून देवादिकांची सोंगे नाचवणारा बोहाडा हे या डोंगरपट्ट्याचे आणखी दोन वारसे. कोणते सोंग कधी यायचे, कोणत्या देवाचा मान आधी, हे लिहून ठेवलेले नसते. गावातील म्हाताऱ्या माणसांना ते ठाऊक असते आणि त्यांना विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हा शेवटचा मुद्दा मला वैद्यकीय दृष्टीने फार मोलाचा वाटतो.

ओसरीवरचे म्हातारपण

भात कापणीनंतरच्या दिवसांत बारीसारख्या कोणत्याही गावात दुपारी फेरी मारावी. तरुण मंडळी खळ्यावर असतात. ओसरीवर एखादी आजी सूप घेऊन बसलेली असते. तिच्यासमोरचा भात जेवणाचा नसतो, बियाण्याचा असतो. कोणती लोंबी भरली, कोणती पोचट निघाली, कोणता दाणा पुढच्या वर्षासाठी ठेवायचा, हे ती ठरवते. एका घरी मी पाहिले, की कर्ता मुलगा दोन वेगळ्या ढिगांतील मूठ-मूठ भात आणून आईपुढे धरत होता. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला होता. तिने दाणे बोटांत चोळले, एक दाताखाली धरला आणि डावीकडच्या मुठीकडे मान हलवली. मुलगा काही न बोलता परत गेला. तेवढ्याने निर्णय झाला होता.

रानभाज्यांचेही तसेच आहे. पहिला पाऊस पडला की सह्याद्रीच्या या पट्ट्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली, चाईचा मोहोर अशा भाज्या निघू लागतात. शेवळासारखी भाजी नुसती शिजवून खाल्ली तर घशाला असह्य खाज सुटते, कारण तिच्यात सुईसारखे टोकदार स्फटिक असतात. काकडाच्या आंबट फळांबरोबर किंवा चिंच घालून ती कशी रांधायची, कोणता कोंब खुडायचा आणि कोणता सोडायचा, हे सुनेला सासू शिकवते. हे ज्ञान चुकले तर घरादाराला त्रास होतो. म्हणून ज्याच्याजवळ ते आहे, त्याला घरात मान असतो.

याच अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव आपण ऐकले असेल. शाळेत न गेलेल्या या महादेव कोळी शेतकरी स्त्रीने भात, वाल, भाजीपाला अशा पिकांची गावरान बियाणी जपली, वाढवली आणि इतरांना वाटली. त्यांना २०२० सालचा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. त्यांच्या कामाचे मूळ घरातील वडीलधाऱ्यांकडून मिळालेल्या शहाणपणातच आहे.

आता आपल्या घरांकडे वळून पाहू. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठांपैकी अनेकांचा रक्तदाब आटोक्यात असतो, साखर बरी असते, तपासण्या वेळेवर झालेल्या असतात. तरीही भूक नाही, झोप नाही, उत्साह नाही. विचारले तर म्हणतात, “डॉक्टर, मला काही कमी नाही. सगळे हातात मिळते.” बरोबर आलेली मुलगीही अभिमानाने सांगते, “आम्ही आईला काडी उचलू देत नाही.” यात प्रेम आहे, शंका नाही. पण काडीही उचलू न देणे म्हणजे हळूहळू त्या माणसाला घराच्या कारभारातून वजा करणे असते. स्नायू वापरले नाहीत तर ते झिजतात, हे आपण जाणतो. मतही कुणी विचारले नाही तर मन आक्रसते.

येथील आजीचे डोळे अधू असले तरी तिच्या शब्दावाचून बियाणे ठरत नाही. घरी परतल्यावर काळजीवाहकांनी आपल्या ज्येष्ठांसाठी असे एक काम शोधावे, ज्याचा निर्णय खरोखरच त्यांच्याकडे असेल. वेळ घालवण्यासाठी दिलेले काम त्यांना लगेच ओळखू येते. आठवड्याची भाजी काय आणायची, सणाला कुणाला बोलवायचे, लोणच्यात मीठ किती घालायचे, नातवाला पाढे कोणत्या पद्धतीने शिकवायचे, यांपैकी काहीही चालेल. अट एकच, त्यांनी ठरवले की ते पाळले गेले पाहिजे.

चित्राची दुसरी बाजू

येथे सावध करणे माझे कर्तव्य आहे. शहरातील माणूस अशा गावात आला की म्हणतो, “काय स्वच्छ हवा, काय सकस अन्न! या लोकांना आजारच होत नसतील.” हा गैरसमज आहे. डोंगरातील वृद्धांनाही उच्च रक्तदाब होतो, फक्त तो मोजलेला नसतो. मोतीबिंदू होतो, गुडघे झिजतात, पंडुरोग तर घरोघरी आढळतो. मिश्रीची सवय अनेक वृद्ध स्त्रियांना असते आणि तिचे दुष्परिणाम तोंडात दिसतात. चिखलणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिस आणि सर्पदंश यांची भीती असते.

तरुण जोडपी हंगामात मजुरीसाठी नारायणगावकडे किंवा नाशिकच्या द्राक्षबागांत जातात आणि कित्येक घरांत म्हातारी माणसे नातवंडांसह मागे राहतात. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या सर्वांना आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण रात्री मांडीचे हाड मोडलेल्या आजोबांना वाडीवरून डांबरी रस्त्यापर्यंत डोलीत घालून कुणी आणायचे, हा प्रश्न कार्डाने सुटत नाही. त्यांच्या वाट्याला मान आला पण औषध पुरेसे आले नाही. आपल्या वाट्याला औषध आले आणि मान कमी पडू लागला. दोन्ही गोष्टी प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला मिळायला हव्यात.

म्हणूनच येथून जडीबुटी घेऊन जाऊ नये आणि “गावाकडचे औषध मिळाले” म्हणून रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या बंद करू नयेत. न्यायचेच असेल तर हातसडीचा तांदूळ न्यावा, नाचणी न्यावी. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळाच्या तुलनेत हे प्रमाण कितीतरी पट जास्त आहे. तथापि नाचणी हेही पिष्टमय धान्यच आहे. मधुमेहींनी भाकऱ्या मोजूनच खाव्यात आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून खावी.

कळसूची अट

गावकरी कळसुबाईची जी कथा सांगतात ती आपण अवश्य ऐकावी. कळसू ही कोळ्याची मुलगी. इंदोरे गावच्या पाटलाकडे ती कामाला राहिली, तेव्हाच तिने अट घातली. केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही, बाकी सांगाल ते काम करीन. पाटलाने ती मान्य केली. एके दिवशी घरी पाहुणे फार आले आणि तिला भांडी घासायला लावली गेली. शब्द मोडला म्हणून कळसू रागावली आणि डोंगरावर निघून गेली. जेथे तिने भांडी घासली ते थाळेमेळ, जेथे केर काढला तो काळदरा आणि जेथे ती कायमची राहिली तो कळसुबाईचा डोंगर. महाराष्ट्राच्या सर्वांत उंच शिखरावर आज जिचे देऊळ आहे, ती घरकाम करणारी एक मुलगी होती.

काळजीवाहकांनो, ही कथा मला नेहमी आपल्यासाठीच सांगितलेली वाटते. आज नाशिक-मुंबईच्या कितीतरी घरांत आजी-आजोबांना सांभाळायला येणाऱ्या मुली अशाच गावांतून आलेल्या असतात. त्यांना कामावर ठेवताना आपण काही ठरवतो. रुग्णाची आंघोळ, औषधे, जेवण एवढेच काम असेल, रविवारी सुटी असेल. मग एके दिवशी पाहुणे येतात. त्यानंतर रोजच कुणी ना कुणी येते आणि कामाची यादी वाढत जाते. एक दिवस ती मुलगी निघून जाते. आपण म्हणतो, “आजकाल माणसे टिकत नाहीत.” अट कुणी मोडली, हे मात्र विचारत नाही.

घरातील सुना-लेकींचेही हेच आहे. वर्षानुवर्षे सांभाळ करणाऱ्या व्यक्तीने कुठे तरी आपली मर्यादा सांगितली पाहिजे आणि इतरांनी ती पाळली पाहिजे. रात्रीचे जागरण आठवड्यातून किती वेळा, भावंडांनी पाळी कशी वाटून घ्यायची, महिन्यातून दोन दिवस कुणाच्या ताब्यात घर द्यायचे, हे कागदावर लिहून ठेवावे. थकलेल्या माणसाच्या हातून औषधाची वेळ चुकते, आवाज चढतो आणि नंतर पश्चात्तापही होतो. काळजी घेणाऱ्याचा मान राखला गेला तरच काळजी टिकते.

जाण्यापूर्वी

ज्येष्ठांसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. नवरात्रात देवीची मोठी यात्रा असते आणि गर्दीही फार होते, म्हणून ते दिवस टाळावेत. ऐन पावसाळ्यात रस्ते निसरडे असतात आणि भिजलेल्या कपड्यांत म्हाताऱ्या माणसाचे शरीर झपाट्याने गार पडते. राज्य परिवहनाच्या बसमध्ये पंचाहत्तरी पार केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या ज्येष्ठांना आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्मे तिकीट आहे. वयाचा पुरावा जवळ ठेवावा आणि घोटीच्या बस स्थानकावर परतीच्या गाडीची वेळ आधीच विचारून घ्यावी.

स्वतःच्या गाडीने आल्यास दर दीड तासाने उतरून पाय मोकळे करावेत. लघवी वाढवणारी गोळी प्रवासाच्या भीतीने परस्पर टाळू नये. तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवणाला उशीर होणार हे गृहीत धरून खिशात साखर आणि बिस्किटे ठेवावीत. गावातील घरगुती जेवण रुचकर असते. पिठले-भाकरी, भात, हुलग्याचे कढण मनसोक्त घ्यावे, पण ठेच्यात मीठ बरेच असते, हे रक्तदाबाच्या रुग्णांनी ध्यानात ठेवावे. पिण्यासाठी उकळलेले पाणी बरोबर असावे.

स्मृतिभ्रंश असलेल्या ज्येष्ठांना आणावयाचे असेल तर मुक्काम टाळावा. अपरिचित जागी संध्याकाळ झाली की त्यांचा गोंधळ वाढतो. सकाळी येऊन उजेडातच परतावे, ओळखीची शाल जवळ द्यावी आणि खिशात नाव व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी.

मोबाईलची रेंज डोंगरात जाते-येते. तातडीच्या वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. घोटी आणि राजूर येथे ग्रामीण रुग्णालये आहेत आणि घोटीजवळ धामणगावला वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. सर्पदंश झाल्यास दोरी आवळू नये, जखम कापू नये. मोडलेल्या हाडाला आधार देतात तसा हात-पाय स्थिर ठेवून प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात तडक न्यावे.

गावात वावरताना विचारल्याशिवाय कुणाचे छायाचित्र काढू नये. मुलांना खाऊ वाटत फिरू नये. जेवणाचे, तांदळाचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. कुणाच्या ओसरीवर बसायला मिळाले तर आपल्या लहानपणीचे चार शब्द सांगावेत. मोटेचे पाणी, जात्यावरचे दळण, उखळातले कांडण असे काही निघाले की दोन म्हाताऱ्या माणसांत ओळख व्हायला वेळ लागत नाही.

शिखराचे काय, असे आपण विचाराल. निकोप तरुणालाही ते चढायला तीन-चार तास लागतात. वाटेत उभ्या कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत आणि उतरताना गुडघ्यांवर चढण्यापेक्षा अधिक ताण येतो. हृदयविकार, सांधेदुखी किंवा तोल जाण्याचा त्रास असलेल्यांनी हा हट्ट धरू नये. त्यासाठी मन खट्टू करण्याचेही कारण नाही. चढाच्या सुरुवातीलाच, पायथ्याशी, कळसुबाईचे आणखी एक देऊळ आहे. ज्यांना वर जाणे झेपत नाही ते तेथेच ओटी भरतात, नारळ ठेवतात, हात जोडतात. त्यांचा नमस्कार कमी प्रतीचा आहे, असे या गावात कुणी मानत नाही.

काठी घ्यावी, बरोबर आलेल्याचा हात धरावा आणि तेवढे अंतर सावकाश चालत जावे.